मलपृष्ठाकडून आत

मासिकाच्या शेवटच्या पानाला मराठीत मलपृष्ठ म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याच्यावर माझा जुना राग आहे. पुढच्याला मुख आणि मागच्याला मल! एवढं नाव ठेवल्यावर त्या पानावर कोण कशाला काही चांगलं छापेल? तिथं साबणाची नाहीतर केसांच्या तेलाची जाहिरात टाकायची आणि मोकळं व्हायचं, अशी रीतच पडली. मी निम्मं आयुष्य मासिकाची पानं लावण्यात घालवलं, म्हणजे चित्र कुठं, मथळा केवढा, मजकूर किती, हे ठरवून ते चिकटवण्यात. आणि माझं ठाम मत आहे की तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकाचं खरं मुख मागंच असतं. हे मला चित्रकलेच्या शाळेत कुणी शिकवलं नाही. माझ्या वडिलांच्या हाताच्या एका सवयीवरून ते कळलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. लासूर स्टेशनजवळ आमचं गाव, तिथं ते शेती करायचे. घरात बोलणं मराठी, शिव्या मराठी, देवापुढचं म्हणणं मराठी. वाचणं मात्र उर्दू. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून होती. दादा हुशार, म्हणून आजोबांनी त्यांना शहरात बोर्डिंगात ठेवलं होतं. मॅट्रिक जवळ आली आणि पोलीस ॲक्शन झाली. शाळा बंद पडली, दादा गावी आले. पुन्हा शाळा उघडली तेव्हा मराठीची तुकडी निघाली होती. मुलाला मराठी बोलता येतं पण लिहिता येत नाही, म्हणून मास्तरांनी त्यांना खालच्या वर्गातल्या पोरांत बसायला सांगितलं. मिसरूड फुटलेला मुलगा बारक्या पोरांच्या ओळीत बसून अआई गिरवेना. ते उठले, आगगाडीत बसले आणि थेट गावी येऊन औताला लागले.

हे त्यांनी स्वतः आम्हाला कधी सांगितलं नाही. विचारलं तर ‘कटाळा आला शाळंचा’ एवढंच म्हणायचे. खरी हकीकत आईकडून कळली. रझाकारांची धास्ती गेली, निजामाचं राज्य गेलं, याचा त्यांना इतरांइतकाच आनंद झाला होता. पण त्याच राज्याबरोबर त्यांचं वाचनही गेलं, आणि त्याबद्दल कुणापाशी हळहळायचीही सोय नव्हती.

पुढं त्यांनी मराठी अक्षरं ओळखण्यापुरती शिकून घेतली. एसटीची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचं नाव, पेपरातला मोठा मथळा, इथपर्यंत ठीक चालायचं. खालच्या बारीक मजकुरात शिरले की एखाद्या जोडाक्षराला ठेचकाळायचे, पेपर आईकडे ढकलायचे आणि म्हणायचे, “वाच. चष्मा नाय माझ्याजवळ.” चष्मा सदऱ्याच्या खिशात असायचा. त्याची काडी बाहेर दिसायची. आई तिकडे न पाहता वाचायला लागायची.

मी चित्रकलेचं शिक्षण संपवून औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत एका कुमार मासिकात नोकरीला लागले. त्या अंकांवर पत्त्यात औरंगाबाद छापलेलं आहे, म्हणून मीही इथं तेव्हापुरतं औरंगाबादच म्हणते. खाली छापखाना, वर आमची खोली. संपादक आणि मालक एकच, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माणूस फार चांगला, पण मुलं म्हणजे काय याबद्दल त्यांच्या कल्पना पाळण्याच्या वयापाशी थांबलेल्या. मी गेले तेव्हा प्रत्येक पानाला फुलपाखरांची किनार होती आणि कोपऱ्यात एक ससा चौकटीत बसून सुविचार सांगायचा. मी सरांना म्हटलं, “सर, तेरा वर्षांच्या मुलाला ससा दाखवला की तो अंक धाकट्या बहिणीला देऊन टाकतो.” सर म्हणाले, “बाई, ससा गोड आहे.” म्हटलं, “म्हणूनच.”

सशाला घालवायला मला एक दिवाळी गेली. त्या वयाच्या मुलांना आपण लहान आहोत असं पानानं सांगितलेलं चालत नाही, आणि मोठं असल्याचं नाटक केलेलंही चालत नाही. पानभर अक्षरं दिसली की त्यांना पाठ्यपुस्तक आठवतं. चौकटीत चौकट घातली की प्रश्नपत्रिका आठवते. थोडी मोकळी जागा, एखादं तिरकं चित्र, ‘तू येतोस का बघ’ असं म्हणणारा मथळा, एवढ्यावर ते येतात. हे मला त्या वेळी सुचत होतं, पण दरवाजा कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं.

नव्या मांडणीचा पहिला अंक घेऊन मी गावी गेले. दादांच्या हातात दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि मागून उघडला. उर्दू पुस्तक आपण ज्याला शेवट म्हणतो तिथून सुरू होतं, हाताला तीच सवय. आई हसली. मी म्हटलं, “दादा, उलटं धरलंय तुम्ही.”

“उलटं नाय, माय,” दादा म्हणाले, “माझ्या बाजूनं सरळच हाय.”

मागच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. तिच्यातली बाई त्यांनी थोडा वेळ पाहिली, म्हणाले “केस लई लांब हायत,” आणि अंक मिटून खाटेवर ठेवला. मी महिनाभर पानं लावून लावून मान मोडून घेतली होती, आणि दादांनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. मला रागच आला. पण आठवड्यानं पैठण गेटच्या पेपर स्टॉलपाशी उभी होते, तेव्हा शाळेच्या निळ्या गणवेशातल्या दोन मुली आल्या. एकीनं आमचा अंक उचलला, मागून अंगठा लावला आणि पानं फरफर सोडली. मग आणखी एक मुलगा आला, त्यानंही तेच केलं. यांच्यातलं कुणी उर्दू शाळेतलं नव्हतं. पुढून उघडायचं म्हणजे अनुक्रमणिका, संपादकीय आणि मग जणू धडा पहिला. त्या वयात कुणाला रांगेनं आत जायचं नसतं. मागनं हळूच डोकावून बघायचं असतं.

मी धावत खोलीवर आले आणि सरांना सांगितलं, “आपल्या अंकाला दोन दारं आहेत. पुढच्या दारानं आईवडील येतात, मागच्या दारानं मुलं. पुढं तुमचे सगळे संस्कार राहू द्या, मागची बाजू मला द्या.” सर मोठ्यानं हसले. तेलवाल्यांना त्यांनी आतलं एक पान दिलं आणि मलपृष्ठ माझ्या ताब्यात आलं.

मी मागून पुढं येणारा अंक लावला. मलपृष्ठावर एकच मोठं चित्र आणि खाली जाड ठळक अक्षरांत दोन-चार ओळी. चित्रातली मुलगी धावत असायची, नाहीतर पतंग ओढत असायची, आणि तिचा हात पानाच्या डाव्या कडेला तुटायचा. पान उलटलं की तो हात आतल्या पानाच्या उजव्या कडेतून पुढं यायचा आणि कुठल्यातरी गोष्टीकडे बोट दाखवायचा. पान उलटल्याशिवाय राहवायचंच नाही. आतल्या पानावर मजकूर जरा जास्त, अक्षर जरा लहान. त्याच्या आत आणखी थोडं जास्त, आणखी थोडं लहान. असं पायरी-पायरीनं जात जात मुलं अंकाच्या मध्यावर, म्हणजे जिथं पिना मारलेल्या असतात तिथं पोचायची. तिथं वर्षभर चालणारी लांबलचक साहसकथा असायची, अगदी बारीक टायपात, चित्राशिवाय. पिनेपाशी पोचेपर्यंत आपण इतकं वाचलं हे त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. मागच्या पानांत मी जोडाक्षरं कमी ठेवायची. सरांना सांगितलं की ठळक अक्षरात जोडाक्षरं घाण दिसतात. ते खरंच होतं, पण तेवढंच कारण नव्हतं.

पहिल्या मलपृष्ठावर वर्गातल्या भिंतीचं चित्र होतं आणि खाली ओळी होत्या: ‘आमच्या वर्गात एक घड्याळ आहे. ते बंद आहे. तरी सगळे त्याच्याकडेच बघतात.’

तो अंक मी दादांच्या हातात दिला नाही, नुसता खाटेवर टाकला आणि आत आईशी बोलत बसले. थोड्या वेळानं बाहेरून हसण्याचा आवाज आला. दादा एकटेच हसत होते. मी बाहेर आले तर म्हणाले, “आमच्या बी शाळेत व्हतं असलं घड्याळ. मास्तरच त्याच्याकडं जास्ती बघायचे.” त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. चष्मा नाकावर होता. मला इतका आनंद झाला की मी परत आत गेले आणि उगाच चहा ठेवला.

पुढच्या महिन्यात मी अंक नेला तर त्यांनी तो घेतला नाही. “फुकट नगं. स्टेशनावर मिळतो. पोरं घेतात तसा मी घेईन.” लासूर स्टेशनासमोरच्या पानपट्टीवर पेपरांच्या गठ्ठ्याबरोबर आमचे थोडे अंक उतरायचे. सकाळी शहरातल्या शाळेला जाणारी पोरंपोरी पॅसेंजरची वाट बघत फलाटावर बसलेली असायची. दादा दुधाची किटली गाडीवर चढवायला जायचे, आणि मग त्यांच्यातच बाकावर टेकून अंक उघडायचे, अर्थातच मागून. मुलांना ते सवयीचं झालं. “बाबा, कुठवर आलात?” असं विचारायची. एखादं जोडाक्षर अडलं तर शेजारची पोरगी न विचारता सांगून टाकायची, आणि दादाही तिला न बिचकता “आन् ह्ये?” म्हणून पुढचं विचारायचे. हे मला गाडीनं येताना एकदा डब्याच्या खिडकीतून दिसलं. पांढऱ्या धोतरातला माझा बाप, दोन्ही बाजूंना दप्तरं घेतलेली पोरं, आणि सगळ्यांची डोकी एका पानात. मी उतरले तरी लगेच पुढं गेले नाही.

सुट्टीत गेले की मागून कितव्या पानापर्यंत वाचता येतं, याचा दादा हिशेब द्यायचे. “औंदा दोन पानं आत गेलो.” “औंदाचं कोडं सुटलं नाय, पर वाचलं समदं.” ‘स्वातंत्र्य’ या शब्दापाशी ते फार दिवस अडले होते. तो जमला त्या दिवशी दिसेल त्याला म्हणून दाखवला. पेपरही ते आईकडे ढकलेनात. एकदा आई मला चुलीपाशी हळूच म्हणाली, “चष्मा गावला बरं का त्यांचा.” आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. दादांचं एकच ठरलं होतं: पिनेपर्यंत जायचं. तिथली साहसकथा फलाटावरची मुलं एकमेकांना सांगायची, तिच्यातला चोर कोण यावर भांडायची, आणि दादांना त्यात बोलता यायचं नाही. ते म्हणाले, “पिनेपाशी गेलो की म्या सांगतो चोर कोण हाय ते.”

मी पानं लावताना आता दोन वाचक डोळ्यांपुढं ठेवायची: पैठण गेटवरची निळ्या गणवेशातली मुलगी आणि फलाटावरचे दादा. दोघांना एकच पान पुरायचं, याचं मला फार नवल वाटायचं आणि खरं सांगायचं तर गर्वही वाटायचा.

दादा पिनेपासून चार-पाच पानांवर आले होते तेव्हा सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माझ्या टेबलाची काच खालच्या ट्यूबलाइटनं उजळलेली असायची, तिच्यावर बोटं फिरवत राहिले. मी समजले की काहीतरी वाईट आहे. शहरात तेव्हा शिकवणीच्या क्लासांचं पेव फुटलं होतं. त्यातल्या एकाला वर्षभरासाठी मलपृष्ठ हवं होतं, आणि त्याच्या आतलं पानही.

“सर, तुम्ही दार विकताय,” मी म्हटलं.

“कागद महागलाय, बाई. हे पान दिलं नाही तर बाकीची पानं निघणार नाहीत.”

“मग पुढचं द्या.”

“पुढं कोण घेतंय?” सर म्हणाले. “तेही मुलांना मागूनच गाठायला बघतात. तुमचंच बघून शिकले ते.”

मी खूप भांडले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही आवाज चढवला नाही, आणि पान दिलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित दिलं असतं, फक्त रडून दिलं असतं. सरही रडले असतील, माझ्यासमोर नाही इतकंच.

पुढचा अंक निघाला. मलपृष्ठावर पोस्टाच्या तिकिटांसारखे मुलांचे फोटो, ओळीनं, खाली प्रत्येकाचे टक्के. आतल्या पानावर आणखी फोटो, आणखी टक्के. माझी पायऱ्यांची रचना त्यांच्या आत जशीच्या तशी होती. पण दारातच वर्गशिक्षक छडी घेऊन उभे केले तर आत कोण येणार? पैठण गेटवर मी तासभर उभी राहिले. एक मुलगी आली, तिनं मागून अंगठा लावला, ते टक्के पाहिले आणि अंक खाली ठेवला. ठेवताना तिनं मागं वळून पाहिलं, जणू आई आसपास नाही ना ते बघितलं.

दिवाळीला गावी गेले. “कुठवर आलात, दादा?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

“आता मोठ्यांचं झालं ते,” दादा म्हणाले. “पोरं बी घेत नाय आता. फलाटावर समदे गप बसतेत.”

“पुढून उघडून बघा ना. आत सगळं तसंच आहे.”

त्यांनी माझ्याखातर पुढून उघडलं. संपादकीयाच्या बारीक अक्षरांत दुसऱ्याच ओळीला अडकले. हाताला ती बाजू ओळखीची नव्हती, तसं पान कुठं धरायचं तेही त्यांना सुचेना. त्यांनी अंक मिटला आणि गुरांकडे निघून गेले.

मग मी एक काम केलं. साहसकथेचा शेवटचा भाग त्या वर्षअखेरच्या अंकात यायचा होता. एक अंक घेतला, त्याच्या पिना काढल्या, क्लासची दोन्ही पानं बाजूला केली. जाड कागदावर मी हातानं मलपृष्ठ काढलं: फलाट, बाक, आणि आगगाडी आली म्हणून पुढं धावणारी एक मुलगी, जिचा हात डाव्या कडेला तुटतो. खाली ठळक अक्षरांच्या पट्ट्या चिकटवल्या. आतलं पानही तसंच केलं. मग सगळं नीट जुळवून परत पिना मारल्या. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या पानांत ते पान मला सगळ्यात चांगलं जमलं होतं. आता दादा पिनेपर्यंत जाणार, अशी माझी खात्री होती.

रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. दादा अंगणात बसले होते. अंक हातात दिला तेव्हा त्यांनी तो मागून धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते मी पाहिलं, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी चित्रावरून अंगठा फिरवला. चिकटवलेल्या पट्ट्यांच्या कडा अंगठ्याला लागल्या. त्यांनी पान उन्हाकडे धरून पाहिलं.

“स्टेशनावर असाच आलाय का ह्यो?” त्यांनी विचारलं.

“नाही. हा तुमच्यासाठी केलाय.”

“पोरांला ह्येच पान हाय का?”

“नाही, दादा. त्यांना क्लासचंच आहे.”

दादांनी चित्र पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी अंक मिटला, धोतरानं त्याच्यावरची नसलेली धूळ पुसली आणि माझ्या हातात परत दिला.

“लई झ्याक काढलंयस, माय. पर माझ्यापुरतं नगं.”

“अहो, पण चोर कोण ते कळायचंय ना? चारच पानं राहिलीत.”

“तवा मास्तर म्हणले पोरांत बस, तर म्या बसलो नाय,” दादा म्हणाले. हे ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते. “त्याचं लई वाईट वाटायचं मला. आता ह्या वयात बसलो व्हतो पोरांत. पोरंच उठून गेली, मंग एकट्यानं बसून काय करू?”

मी मलपृष्ठाची बाजू खाली करून अंक पिशवीत ठेवला. मला पानं लावता येत होती, मुलं कुठून आत येतात ते ठाऊक होतं, दादांना काय हवं ते मात्र मला तोवर कळलंच नव्हतं, आणि कळलं तेव्हा ते द्यायला माझ्याकडे पान उरलं नव्हतं. त्याची खंत अजून जात नाही. दादा पिनेपर्यंत कधीच पोचले नाहीत.

आईनं चहा आणला. तेवढ्यात पेपरवाला अंगणात पेपर टाकून गेला. दादांनी तो उचलला, मथळे पाहिले, खालच्या मजकुराकडे पाहिलं आणि पेपर आईकडे ढकलला.

“वाच,” ते म्हणाले. “चष्मा नाय माझ्याजवळ.”

चष्म्याची काडी सदऱ्याच्या खिशातून बाहेर आलेली होती. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मग तिनं कपबशी खाली ठेवली, पेपर उलगडला आणि वाचायला सुरुवात केली.